किल्लीच्या पोटातली किल्ली

पोर्शे ९११ चं इंजिन मागे असतं आणि बॅटरी पुढे, इतर गाड्यांत जिथे इंजिन असतं त्या झाकणाखाली. २००४ मध्ये बाजारात आलेल्या ‘९९७’ पिढीत हे झाकण विजेवर उघडतं. गाडी दोन-तीन महिने गॅरेजमध्ये उभी राहिली आणि बॅटरी पार उतरली, की मालक पेचात सापडतो. बॅटरीपर्यंत पोचायचं तर झाकण उघडायला हवं, आणि झाकण उघडायचं तर बॅटरीत जीव हवा. लग्न होईना म्हणून वेड जाईना आणि वेड जाईना म्हणून लग्न होईना, अशातली गत.

स्टुटगार्टच्या पोर्शे कंपनीतल्या इंजिनिअरांना ही पंचाईत आधीच दिसली होती. त्यांनी काढलेली वाट गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेली आहे. पुस्तिका अर्थातच बंद गाडीच्या आत असते. रिमोटचं बटण दाबून काही होत नाही म्हटल्यावर किल्लीचं धातूचं पातं चालकाच्या दाराच्या कुलपात घालून फिरवायचं. रिमोटच्या सवयीमुळे ते कुलूप वर्षानुवर्षं कोणी वापरलेलं नसतं, त्यामुळे ते कुरकुरतं, कधी अडूनच बसतं. ते फिरलं तरी दार धसमुसळेपणाने ओढायचं नाही. ९११ च्या दाराला काचेभोवती चौकट नाही. एरवी हँडल ओढताच काच जराशी खाली सरकते आणि वरच्या रबरी पट्टीतून मोकळी होते. वीज नसली की काच जागची हलत नाही, म्हणून दार सावकाश, काच जपत सोडवून घ्यावं लागतं.

मग डाव्या बाजूला, पाय ठेवतात तिथल्या फ्यूजच्या पेटीचं झाकण काढायचं. आत फ्यूजांच्या ओळींत एक धन टोक दडवून ठेवलेलं आहे, ते बाहेर ओढायचं. दुसऱ्या बॅटरीची लाल केबल त्याला लावायची आणि काळी केबल दार अडवणाऱ्या धातूच्या पट्टीला. गाडी कुलूपबंद केलेली असेल तर त्याच क्षणी भोंगा कोकलायला लागतो. गाडीला जाग आलेली असते आणि आपल्यात कोणी परका शिरलाय असा तिचा समज होतो. किल्लीवरचं बटण दाबलं की भोंगा गप्प बसतो, पुढचं झाकण सुटतं आणि एवढ्या उपद्व्यापानंतर बॅटरीचं दर्शन होतं.

गेल्या चाळीसेक वर्षांत स्पोर्ट्‌स कारमधलं जवळजवळ सगळं विजेच्या हवाली झालं. दाराचं कुलूपही झालं. पण जुनं धातूचं कुलूप काढून टाकायची हिंमत बराच काळ कोणाला झाली नाही. कंपन्यांनी ते आधी दाराच्या हँडलमागे, मग नंबरप्लेटच्या वर, मग एखाद्या प्लॅस्टिकच्या टोपणाखाली लपवलं. किल्लीचं पातं रिमोटच्या पोटात सरकवलं. मालकाला त्याचा विसर पडावा अशीच ही रचना होती, आणि मालकाला तो पडला.

मुळात स्पोर्ट्‌स कारला कुलूप हवं कशाला, असा काळही होऊन गेला आहे. इंग्लंडमध्ये १९५५ साली आलेल्या एमजीए रोडस्टरच्या दारांना बाहेरून हँडलच नव्हतं. कापडी छत, बाजूला काचेऐवजी काढता-घालता येणारे पडदे. पडद्याच्या फटीतून हात आत घालायचा, दाराच्या आतली दोरी ओढायची, दार उघडतं. अमेरिकेतली पहिली शेव्हरले कॉर्व्हेटही अशीच. १९५३ साली मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावात हातांनी जोडलेल्या त्या ३०० गाड्या, सगळ्या पांढऱ्या रंगाच्या. त्यांनाही बाहेर हँडल नाही, आत हात घालूनच दार उघडायचं. बाहेरचं हँडल आणि वर-खाली होणाऱ्या काचा कॉर्व्हेटला १९५६ मध्ये मिळाल्या. ज्या गाडीत कोणीही हात घालू शकतो तिला कुलूप लावून काय साधणार? चोराला अडवायचं ते इग्निशनच्या किल्लीने, आणि त्या किल्ल्यांची गंमत वेगळीच होती.

फोर्डची मॉडेल टी ही काही स्पोर्ट्‌स कार नव्हे, पण किल्लीच्या गोष्टीत तिला वगळता येत नाही. विजेवर सुरू होणाऱ्या मॉडेल टी गाड्यांच्या किल्ल्यांना ५१ ते ७४ असे क्रमांक होते. म्हणजे किल्ल्या मोजून २४ तऱ्हेच्या आणि गाड्या लाखोंनी. त्यातून किल्लीचा क्रमांक स्विचवरच उमटवलेला असायचा. किल्ली हरवली तर मालकाला नवी घेणं सोपं जावं, हा हेतू. चोरालाही ते तेवढंच सोपं गेलं.

ब्रिटिश कंपन्यांनी या चुकीपासून फारसा धडा घेतला नाही. युद्धानंतरच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांना, त्यात एमजी आणि ट्रायम्फसारख्या स्पोर्ट्‌स कारही आल्या, ‘एफएस’ मालिकेच्या किल्ल्या लागत. त्यांचे क्रमांक ८७६ ते ९५५, म्हणजे एकूण ८० किल्ल्या. बऱ्याचदा क्रमांक कुलपाच्या तोंडावर कोरलेला. झिजलेलं कुलूप तर शेजारच्या क्रमांकाच्या किल्लीनेही उघडे. क्लबच्या मेळाव्यात एकाच्या किल्लीने दुसऱ्याची गाडी उघडून दाखवणं हा तिथल्या हौशी मंडळींचा जुना विनोद आहे.

या कुलपांची बनावट साधी होती. गोल नळीत पितळेच्या पातळ पट्ट्या, प्रत्येकीला खालून बारीक स्प्रिंग. योग्य किल्ली आत गेली की सगळ्या पट्ट्या एका रेषेत येतात आणि नळी फिरते. अमेरिकेत हे काम प्रामुख्याने मिल्वॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीकडे होतं. गवत कापायच्या यंत्रांच्या इंजिनांसाठी ही कंपनी जगाला माहीत आहे, पण जनरल मोटर्ससाठी तिने १९३५ मध्ये बसवलेलं आडव्या पट्टीचं कुलूप पुढे अनेक दशकं टिकलं. १९४९ मध्ये क्रायस्लरने एकाच किल्लीत इग्निशन आणि स्टार्टर दोन्ही आणले. त्याआधी किल्ली फिरवायची आणि मग बटण किंवा पायाखालचं पेडल दाबायचं, अशी दोन कामं होती.

ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीचा किस्सा इथे आठवतो. सुरुवातीला चालक रस्त्याच्या एका कडेला, गाड्या दुसऱ्या कडेला. झेंडा पडला की धावत जायचं, उडी मारून बसायचं आणि निघायचं. पोर्शेची किल्ली स्टिअरिंगच्या डावीकडे असते ती यासाठीच, डाव्या हाताने किल्ली आणि उजव्या हाताने गिअर, असं सांगितलं जातं. खरं-खोटं काहीही असो, ती जागा कंपनीने आजपर्यंत सोडलेली नाही. १९६९ मध्ये जॅकी इक्स या चालकाने मात्र या धावपळीत पट्टे बांधायला वेळ मिळत नाही म्हणून निषेध केला. तो संथपणे चालत गाडीपाशी गेला, पट्टे बांधले आणि सगळ्यांच्या शेवटी निघाला. पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हा चालक ९१७ पोर्शेमध्ये पट्ट्याविना मरण पावला. शर्यत इक्सनेच जिंकली आणि पुढच्या वर्षीपासून चालक गाडीत बसूनच निघू लागले.

दाराचं कुलूप चोराला किती रोखतं याबद्दल त्या काळात कोणाचा फार भ्रम नव्हता. किल्ली आत विसरली तर अमेरिकेतला टो-ट्रकवाला एक लांब, चपटी पत्र्याची पट्टी काढायचा. काच आणि रबर यांच्यामधून ती खाली सोडायची, आतला कुलपाचा दांडा चाचपायचा आणि वर ओढायचा. ‘स्लिम जिम’ या नावाने ही पट्टी तिथल्या पोलिसांच्या गाड्यांतही असे. मुंबई-पुण्यात कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी आणि नंतर मारुती ८०० याच युक्तीने उघडायच्या. फक्त इथे पट्टीच्या जागी स्टीलची फूटपट्टी चालायची आणि पद्मिनीची पुढची तिकोनी काच ढिली असेल तर तीही लागत नसे. युरोपातल्या थंडीत प्रश्न वेगळाच. कुलपात पाणी गोठायचं आणि किल्ली आत जायचीच नाही. त्यासाठी बर्फ वितळवणाऱ्या द्रवाची छोटी बाटली मिळे. ती गाडीच्या आतच ठेवणारे महाभाग दर हिवाळ्यात निघत. बाकीचे लायटरच्या ज्योतीवर किल्ली तापवून काम भागवत.

कॉर्व्हेट चोरांची विशेष लाडकी होती. म्हणून जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये किल्लीच्या पात्यावर एक इवलासा काळा मणी बसवला. मणी म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा रोधक. गाडीतल्या पेटीला तो अडथळा बरोबर वाटला तरच इंजिन सुरू व्हायचं. किल्लीचे दाते हुबेहूब असले तरी मणी चुकीचा असेल तर गाडी काही मिनिटं हटून बसायची आणि चोराला थांबून वाट पाहावी लागायची. रोधकाची १५ मूल्यं होती. १५ हा आकडा फार मोठा नव्हे, पण चोरी करताना काही मिनिटं थांबणं परवडत नाही हे कंपनीने ओळखलं होतं. किल्लीवाल्यांनी अर्थातच १५ मूल्यं तपासणारं यंत्र लवकरच बाळगायला सुरुवात केली. पुढे ही पद्धत जनरल मोटर्सच्या इतर गाड्यांतही गेली. तिचा त्रास मात्र मालकांना झाला. मणी मळला, इग्निशनच्या नळीतली बारीक तार वाकून-वाकून तुटली, की खरी किल्ली हातात असून गाडी मालकालाच ओळखेनाशी व्हायची. इलेक्ट्रॉनिक किल्ली धन्यावर उलटली त्याचा हा मोठ्या प्रमाणावरचा पहिला अनुभव म्हणता येईल.

दूरवरून दार उघडण्याची कल्पना त्याआधीच फ्रान्समध्ये प्रत्यक्षात आली होती. पॉल लिप्शुट्झ या संशोधकाची ही करामत, आणि ती पहिल्यांदा बसली ती रेनो फ्युएगो या कूपे गाडीत, १९८२ मध्ये. अमेरिकेत फोर्डने १९८० पासूनच काही महागड्या गाड्यांच्या दारावर आकड्यांची बटणं बसवली होती. अंक दाबा, दार उघडा. किल्ली घरी विसरली तरी हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक कुलपांमधली ही सर्वांत समंजस कल्पना म्हणायला हवी, कारण ती मालकाच्या डोक्यात राहते आणि डोक्याची बॅटरी एकाएकी उतरत नाही. इतर कंपन्यांनी तिला फारसं विचारलं नाही, कारण गिऱ्हाइकाला रिमोटची चैन आवडली.

१९९३ च्या कॉर्व्हेटमध्ये बटण दाबायचंही कारण उरलं नाही. खिशातला रिमोट घेऊन मालक जवळ आला की गाडी आपणहून उघडायची आणि तो दूर गेला की कुलूपबंद व्हायची. १९९८ मध्ये आलेल्या मर्सिडीज एस-क्लासने हीच सोय खिशातून किल्ली न काढता गाडी सुरू करण्यापर्यंत नेली. त्याच वर्षापासून युरोपात नव्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर सक्तीचा झाला. किल्लीच्या डोक्यातली चिप जुळली नाही तर इंजिन चालणार नाही. या चिपला स्वतःची बॅटरी लागत नाही, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. गाडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून येणाऱ्या चुंबकीय लहरींवरच ती जागी होते. रिमोटमधली तीन व्होल्टची गोल बॅटरी मेली तरी गाडी सुरू होऊ शकते ती याच्याच जोरावर. फक्त रिमोट त्या वेटोळ्याजवळ नेऊन धरायला हवा. कोणाची ती जागा स्टिअरिंगच्या दांड्यापाशी, कोणाची कप ठेवायच्या खोबणीत. २००५ च्या कॉर्व्हेटमध्ये ती ग्लोव्ह-बॉक्समध्ये होती. तिथल्या खाचेत रिमोट खोवायचा आणि मग बटण दाबायचं.

ही २००५ ची कॉर्व्हेट, म्हणजे सहावी पिढी, लपवाछपवीच्या या इतिहासात मानाने उभी राहते. केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या ज्या कारखान्यात ती बनली, तिथूनच आदल्या वर्षी कॅडिलॅकची एक्सएलआर ही दोन जणांची उघडी गाडी आली होती आणि तिने नव्या दारांची चुणूक दाखवली होती. कॉर्व्हेटच्या दारावर आता ओढायचं हँडल नव्हतं. दाराच्या कडेला एक खोबण, तिच्यात बोट घालून दाबायचं रबरी बटण. आतूनही तसंच बटण. १९५३ मध्ये हँडल नव्हतं कारण खर्च वाचवायचा होता. २००५ मध्ये नव्हतं कारण खर्च दाखवायचा होता. दोन्ही दारांवर कुलपाचं भोक शोधूनही सापडत नाही.

भोक होतं, पण गाडीच्या मागे, नंबरप्लेटच्या वर, वाकल्याशिवाय दिसणार नाही असं. रिमोटच्या पोटातून छोटं पातं काढायचं, ते तिथे घालायचं, मागची काचेची डिकी उघडायची आणि आत डाव्या बाजूला हात घालून एक केबल ओढायची. केबल ओढली की चालकाचं दार सुटतं. काम अगदी सोपं आहे, पण आधी कोणीतरी सांगितलेलं असायला हवं. डिकीत सामान गच्च भरलेलं असेल तर ते बाहेरूनच उपसत बसायचं. मालकाने पूर्वी कधी ते भोक वापरलेलंच नसेल आणि त्यात दोन पावसाळ्यांची धूळ-माती बसलेली असेल, तर डिकीही उघडत नाही.

आतून निघायची वाटही तशीच होती: आसनाशेजारी, खाली फरशीवर एक छोटी कडी, दाराच्या चित्राची खूण असलेली. ती ओढली की विजेशिवाय दार उघडतं. जून २०१५ मध्ये टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर इथे एक ७२ वर्षांचे गृहस्थ त्यांच्या कुत्र्यासह २००७ च्या कॉर्व्हेटमध्ये अडकले. बॅटरीची केबल सुटली होती, दारावरची बटणं निकामी झाली होती आणि फोन जवळ नव्हता. टेक्सासच्या उन्हात बंद गाडी किती तापते हे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. दोघेही त्यात दगावले. ती कडी त्यांच्या हाताच्या अंतरावर होती.

ही घटना क्वचितची, पण किल्ली रुसण्याची साधी कारणं रोजचीच आहेत. सर्वांत साधं म्हणजे रिमोटची बॅटरी. त्यानंतर गाडीची बॅटरी. स्पोर्ट्‌स कार रविवारी बाहेर पडते आणि आठवडाभर आच्छादनाखाली झोपते. त्या झोपेतही भोंग्याचं यंत्र, रिमोटची वाट पाहणारा रेडिओ, निरनिराळ्या पेट्या थेंबाथेंबाने वीज पीत असतात. म्हणूनच पोर्शेसह कित्येक गाड्या काही दिवसांनी रिमोट ऐकणं आपणच बंद करतात, आणि मालकाला वाटतं रिमोट बिघडला. तिसरं कारण हवेतलं. अमेरिकेत गाड्यांचे रिमोट बहुधा ३१५ मेगाहर्ट्‌झवर बोलतात, युरोपात आणि आपल्याकडे ४३३ च्या आसपास. या लहरी दारावरची बेल, गॅरेजची फाटकं, टायरचा दाब मोजणारी यंत्रं अशा कैक वस्तूंत वाटलेल्या आहेत. २०१९ च्या वसंतात ओहायो राज्यातल्या नॉर्थ ओल्मस्टेड भागात एकाएकी घरांची गॅरेजं उघडेनात, गाड्यांचे रिमोट चालेनात. बरेच दिवस लोक चक्रावले. शेवटी शोध लागला तो एका हौशी रहिवाशाचा. आपल्या घरात वरच्या मजल्यावर कोणी आहे का हे कळावं म्हणून त्याने स्वतः बनवलेलं यंत्र सतत त्याच लहरींवर बोलत होतं. आपण सगळ्या वस्तीचं कुलूप अडवून बसलोय याचा त्याला पत्ताही नव्हता. यंत्रातली बॅटरी काढली आणि गल्ली पुन्हा उघडली.

इकडे मालक बाहेर ताटकळत असताना चोरांचं शिक्षण मात्र झपाट्याने चाललं होतं. रिमोटचा संकेत हवेतून पकडून पुन्हा वाजवला तर दार उघडायला नको, म्हणून दर दाबण्याला नवा संकेत पाठवण्याची पद्धत आली. तिच्यातला नावाजलेला ‘कीलॉक’ हा सांकेतिक हिशेब दक्षिण आफ्रिकेत जन्मला. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मायक्रोचिप कंपनीने तो विकत घेतला आणि २००७-०८ मध्ये युरोपातल्या विद्यापीठांनी तो फोडून दाखवला. इमोबिलायझरच्या चिपचंही तेच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्‌सच्या चिपमधलं ४० बिटांचं गुपित २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए प्रयोगशाळेच्या संशोधकांनी उलगडलं. ‘मेगामोस’ चिपची कहाणी तर न्यायालयात गेली. ही चिप पोर्शे, बेंटली, लॅम्बोर्गिनी यांच्याही किल्ल्यांत होती. बर्मिंगहॅम आणि नायमेखनच्या संशोधकांनी तिच्यातली फट शोधली, तेव्हा याच गटातल्या फोक्सवागनने २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयातून प्रकाशनावर मनाई मिळवली. निबंध दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, एक वाक्य गाळून छापला गेला.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे फोडण्याच्या फंदातच न पडणं. किल्ली खिशात असली की गाडी उघडते ना? मग एका पिशवीत अँटेना घेऊन मालकाजवळ उभं राहायचं, दुसरी अँटेना गाडीपाशी, आणि किल्लीचा आवाज गाडीपर्यंत लांबवायचा. झुरिचच्या तंत्रविद्यापीठाने २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हा प्रयोग केला आणि दहाही उघडल्या. २०१८ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेनच्या संशोधकांनी टेस्ला मॉडेल एसच्या किल्लीची नक्कल काही सेकंदांत करून दाखवली. त्यासाठी त्यांनी आधीच सगळी संभाव्य उत्तरं काढून सुमारे ६ टेराबाइटचा साठा बनवला होता. किल्लीतलं गुपित होतं तेच, १३ वर्षांपूर्वी फुटलेलं, ४० बिटांचं. टेस्लाचा किल्ल्यांचा पुरवठादार मॅक्लारेनलाही किल्ल्या देत होता. मॅक्लारेनने आपल्या गिऱ्हाइकांना लहरी अडवणारी पाकिटं वाटली. कोट्यवधी रुपयांची गाडी आणि तिच्या रक्षणाला एक अस्तर लावलेलं पाकीट. त्या पाकिटात किल्ली विसरून गाडीपाशी उभे राहिलेले आणि दार का उघडत नाही म्हणून वैतागलेले मालकही निघाले असणारच.

अशा वेळी ज्याला बोलावलं जातं त्या किल्लीवाल्याचा धंदा या काळात मुळापासून बदलला. दारात विजेच्या तारांचे जुडगे आणि बाजूच्या एअरबॅगची यंत्रं आली, तशी जुनी चपटी पट्टी धोक्याची झाली; आत आंधळेपणाने चाचपडताना काय तुटेल याचा नेम उरला नाही. त्याऐवजी हवा भरायची छोटी रबरी पिशवी आली. दाराच्या फटीत ती सारायची, पंपाने फुगवायची आणि मिळालेल्या जागेतून लांब सळई आत घालून बटण किंवा कडी ओढायची. बऱ्याच युरोपीय गाड्यांत मात्र बाहेरून कुलूप लावलं की आतली कडीही निकामी होते, म्हणजे सळई आत जाऊनही उपयोग नाही. आणि बिनचौकटीच्या काचेवर पिशवी फुगवणं म्हणजे काचेशीच जुगार. त्यामुळे स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत मुरलेला कारागीर पुन्हा त्याच धातूच्या कुलपाकडे वळतो.

पोर्शे आणि फोक्सवागन गटाच्या बहुतेक गाड्यांचं कुलूप ज्या मापाचं, त्याला कारागिरांच्या भाषेत ‘एचयू ६६’ म्हणतात. किल्लीच्या चपट्या पात्यावर काठाला दाते नसतात; पात्याच्या अंगावर नागमोडी खाच कोरलेली असते. अशा कुलपांसाठी ‘लिशी’ नावाची चिनी हत्यारं गेल्या दीड दशकात जगभर पसरली. पातळ पोलादी पातं, त्यावर चिमुकली सुई आणि बाजूला आखलेली मोजपट्टी. सुईने एकेक पट्टी चाचपत जायचं. कुलूप तर उघडतंच, वर कोणती पट्टी किती खोल आहे ते मोजपट्टीवर वाचून नवी किल्लीही कापता येते. हात बसलेल्याला काही मिनिटं पुरतात. मात्र कुलूप वर्षानुवर्षं न वापरल्याने गंजलं असेल तर हाच कारागीर हात वर करतो. दर पावसाळ्याआधी कुलपात थोडी ग्राफाइटची पूड सोडा आणि महिन्यातून एकदा तरी खरी किल्ली फिरवा, हा त्यांचा सल्ला फुकटातला असला तरी फार थोडे मालक तो मानतात.

लपवाछपवीचा हा खेळ पुढे एका पायरीवर संपला: भोक लपवण्याऐवजी ते काढूनच टाकलं गेलं. टेस्लाच्या मॉडेल ३ ला बाहेरून किल्लीचं भोक कुठेच नाही. तिची १२ व्होल्टची बॅटरी मेली तर पुढच्या बंपरमधलं गाडी ओढून नेण्याच्या हुकचं गोल टोपण काढायचं, आतल्या दोन तारांना बाहेरची बॅटरी जोडायची, म्हणजे पुढची डिकी उघडते आणि बॅटरी हाताशी येते. चोराला त्याचा उपयोग नाही, कारण त्या वाटेने फक्त पुढची डिकी उघडते, दार नव्हे. दारात सपाट दडणारी हँडलं तर आता स्पोर्ट्‌स कारपुरती राहिलेलीच नाहीत. पोर्शेने २०१८ च्या शेवटी दाखवलेल्या ‘९९२’ पिढीच्या ९११ ला ती आहेत, आणि रोजच्या वापराच्या विजेवरच्या गाड्यांतही त्यांची चलती आहे.

सरकारी यंत्रणा या हँडलांकडे वळल्या ते चोरांमुळे नव्हे. २०२५ मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने २०२१ च्या टेस्ला मॉडेल वायच्या सुमारे १ लाख ७४ हजार गाड्यांची चौकशी सुरू केली. तक्रारी एकाच धाटणीच्या होत्या. आईबाप बाहेर, मूल आत, कमी झालेल्या व्होल्टेजमुळे बाहेरची हँडलं मुकी. काहींनी शेवटी काच फोडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चीनच्या उद्योग मंत्रालयाने नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला. त्यात दारं आतून आणि बाहेरून विजेशिवाय, यांत्रिक पद्धतीने उघडता आली पाहिजेत अशी अट होती, आणि आतली कडी माणसाच्या नजरेला पडेल अशा जागी असावी, हेही त्यात लिहिलेलं होतं.